तीन वर्षांचं मूल आणि घरची प्रार्थना

ताई, मुलगा कौटुंबिक प्रार्थनेत बसत नाही म्हणून खचू नका. तीन वर्षांचं मूल बसतच नाही. सुरुवातीला आपण सगळेच एक चूक करतो, मोठ्यांची प्रार्थना लहानांवर लादतो. अर्धा तास नको, ५ मिनिटं पुरे, आणि तीही जेवणाआधी. नंतर मुलं पेंगतात, आपणही चिडतो.

- एक गीत, टाळ्या वाजवत.
- थोडं बायबलमधलं वचन. स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र ११७ घ्या, अख्खं स्तोत्र २ वचनांचं आहे.
- शेवटी त्याला एक वाक्य बोलू द्या. माझी धाकटी महिनाभर रोज शेजारच्या मांजरीसाठीच प्रार्थना करायची, डोळे घट्ट मिटून, चिमुकला हात माझ्या हातात देऊन. मी तिला एकदाही थांबवलं नाही, याचं आज फार समाधान वाटतं.

रविवारी चर्चमध्ये उपासनेत रडला तर बाहेर न्या, शांत झाला की परत आत या. पण त्यासाठी घरी राहू नका. लोक वळून बघतात, बघू द्या. बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायात येशूकडे मुलांना आणणाऱ्यांना शिष्यांनी दटावलं, तेव्हा प्रभू येशू शिष्यांवरच रागावला.

आणि ‘देव शिक्षा करेल’ अशी भीती मुलाला कधीच घालू नका. पाठांतर, संडे स्कूलच्या (चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गाच्या) स्पर्धा वगैरे पुढच्या वर्षी बघू.