एकाच अनोळखी रणगाड्याचे दोन-दोन किट का येतात?

प्रश्न : शर्मन किंवा टायगरसारख्या प्रसिद्ध रणगाड्यांचे ढीगभर प्लॅस्टिक मॉडेल किट आले तर समजू शकतो. पण ऑब्जेक्ट २७९ सारखा रणगाडा, ज्याचं नावही बहुतेकांनी ऐकलेलं नसतं, त्याचेसुद्धा १/३५ मध्ये (म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या मापात) पांडा हॉबी कंपनीचा एक आणि अम्यूझिंग हॉबी कंपनीचा एक, असे दोन किट? हे लोक एकमेकांची कॉपी मारतात का? आणि मी घ्यायचा कुठला?

उत्तर : कॉपीचा संशय सगळ्यांनाच येतो हो, पण वेळेचं गणित जुळत नाही. मोजमापं, ड्रॉइंग, मग स्टीलचे साचे, टेस्ट शॉट (साच्यातून काढलेले चाचणीचे भाग), त्यातल्या दुरुस्त्या, यात वर्षभर तरी सहज जातं. म्हणजे एकाच्या डब्यावरचं चित्र बघून दुसरा कामाला लागला तर तो तेवढाच मागे राहणार ना. दोघं लागोपाठ आले की समजायचं, दोघांचंही काम आधीपासून चालू होतं.

मग डोक्यात एकच रणगाडा कसा आला? कारण तो जगाला अनोळखी असला तरी आपल्या मॉडेलवाल्या मंडळींना चांगलाच ठाऊक आहे. १९५९चा सोव्हिएत प्रोटोटाइप, साधारण ६० टनांचा, १३० मिमीची तोफ, अणुस्फोटाच्या धक्क्याने उलटू नये म्हणून बशीसारखी बॉडी आणि खाली दोन नाही, चार पट्टे (ट्रॅक)! असलं ध्यान प्लॅस्टिकमध्ये नाही हे एकाला दिसतं तसं दुसऱ्यालाही दिसतंच. शिवाय उरलेला नमुना रशियातल्या कुबिंकाच्या रणगाडा म्युझियममध्ये, म्हणजे मोजायला जायचं तरी दोघांनी तिथेच.

कधी कधी कॅलेंडरच घोळ घालतं. पहिल्या महायुद्धाची शताब्दी आली आणि त्या युद्धातल्या व्हिपेट या ब्रिटिश रणगाड्याच्या, इतकी वर्षं एमहार कंपनीच्या जुन्या किटवर भागवणाऱ्या चाहत्यांना ताकोम आणि मेंग या दोन्ही कंपन्यांनी नवे किट दिले. शताब्दीची तारीख काय कुणाचं गुपित असते?

आता तुम्ही म्हणाल, समोरच्याने जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग किंवा जपानमधल्या शिझुओकाच्या खेळणी-मॉडेल प्रदर्शनात घोषणा केली की दुसऱ्याने थांबावं. ड्रॉइंग कॉम्प्युटरवरच असेल तर थांबतीलही, पण एकदा साच्याचं स्टील कापलं की पैसे गुंतले, मग किट विकल्याशिवाय ते सुटत नाहीत, आणि म्हणूनच काही जण काम अर्धवट असतानाच घाईघाईने घोषणा करून टाकतात, म्हणजे बाकीच्यांनी हात आखडता घ्यावा. मला ही सवय अजिबात आवडत नाही, आपण नुसती वाट बघत बसतो.

कुठला घ्यायचा हे डब्यावरच्या चित्रावरून ठरवू नका, स्प्रूचे (सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचे) फोटो बघा. बशीसारख्या बॉडीचा वरचा-खालचा जोड कुठे येतो ते आधी बघा, कारण त्या गोलाईवर पुटी (फट बुजवायचा लगदा) भरून घासताना आकार बिघडतो. मग ट्रॅक. चार पट्टे सुट्या लिंकचे असतील तर प्रत्येक लिंक कापा, गेटचा (भाग चौकटीला जिथे जोडलेला असतो तिथला) खुंट तासा, इजेक्टर पिनची (भाग साच्यातून ढकलून काढणाऱ्या पिनेची) खूण भरा, आणि एवढं करून आतले दोन पट्टे पोटाखाली जवळपास दिसतच नाहीत. त्यामुळे या रणगाड्याच्या बाबतीत मी तरी पट्ट्यांच्या डिटेलपेक्षा बॉडीच्या फिटिंगला जास्त मार्क देईन. आणि एक किट आधीच घेऊन ठेवलाय, दुसरा जरा बरा निघाला, म्हणून पहिला विकायला काढू नका, बनवायला घ्या.