अटॅचमेंटमध्ये काय आहे ते वाचून ऑफिसचे मेल आपोआप वेगळे करता येतात का?

हो, येतात. आणि तुम्ही लिहिलंय तशी परिस्थिती असेल, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच इनबॉक्स, त्यात बिलं, पर्चेस ऑर्डर, बायोडाटा सगळं एकत्र येऊन पडतंय आणि सब्जेक्टमध्ये नुसतं "प्लीज फाइंड अटॅच्ड", तर अटॅचमेंट वाचण्याशिवाय इलाजच नाही. सब्जेक्टवर कितीही रूल लावले तरी तिथे काही हाती लागणार नाही.

आउटलुकमधला साधा रूल अटॅचमेंट आहे की नाही एवढंच बघतो, आत काय लिहिलंय ते वाचत नाही. पण मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असेल तर अ‍ॅडमिनकडे मेल फ्लो रूल असतात, म्हणजे मेल इनबॉक्समध्ये पोचायच्या आधीच लागणारे रूल, त्यात अटॅचमेंटच्या मजकुरात अमुक शब्द सापडला तर अशी अट टाकता येते, मग त्या मेलला एक हेडर, म्हणजे एरवी न दिसणारी खुणेची ओळ, चिकटवायचा आणि इनबॉक्सच्या रूलने तो हेडर बघून फोल्डरमध्ये हलवायचा. फाइलमधून निघालेल्या मजकुराचा पहिला १ एमबीच तो तपासतो, पण बिलासारख्या कागदाला तेवढा भरपूर झाला. जीमेल असेल तर अ‍ॅप्स स्क्रिप्ट बघा, म्हणजे गूगलमध्येच छोटे प्रोग्रॅम लिहायची सोय, ठरावीक वेळाने स्क्रिप्ट चालते, अटॅचमेंट काढते, वाचते, लेबल लावते. आणि स्वतःचा सर्व्हर असेल तर पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहायचा आणि आयमॅपने, म्हणजे सर्व्हरवरचे मेल वाचायच्या ठरलेल्या पद्धतीने, मेल घ्यायचे, मला हाच रस्ता सगळ्यात आवडतो कारण काय चाललंय ते आपल्याला दिसतं.

खरं काम मेल हलवण्यात नाहीच, मजकूर नीट बाहेर काढण्यात आहे. पीडीएफ दोन प्रकारच्या असतात, एकीत अक्षरं खरीखुरी असतात, दुसरीत नुसता कागदाचा फोटो. त्यामुळे आधी पीडीएफटूटेक्स्टसारख्या टूलने मजकूर काढून बघायचा, जवळजवळ रिकामा आला तर ते स्कॅन आहे असं समजून ओसीआरकडे, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या टूलकडे, पाठवायचं. टेसरॅक्ट नावाचं ओसीआर फुकट आहे, मराठीही वाचतं, फक्त पानाची इमेज ३०० डीपीआयच्या (एका इंचात ३०० ठिपके) आसपास ठेवा, त्याखाली गेलात की आकडे चुकायला लागतात. देवनागरीत अजून एक भानगड आहे, जुन्या फॉन्टमधली पीडीएफ डोळ्याला व्यवस्थित दिसते पण मजकूर काढला की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ हाती येतो, तिथे तो मजकूर सरळ टाकून द्यायचा आणि पानाची इमेज करून ओसीआर करायचं.

फाइलच्या नावावर आणि एक्स्टेन्शनवर विसंबू नका, फाइलचे पहिले काही बाइट बघून प्रकार ओळखा. आणि सहीखाली येणारे कंपनीचे लोगो, तेसुद्धा अटॅचमेंट म्हणूनच मोजले जातात! इनलाइन, म्हणजे मजकुरातच बसवलेल्या छोट्या इमेज सुरुवातीलाच गाळून टाका, नाहीतर प्रत्येक "थँक्यू"च्या मेलवर ओसीआर चालत बसेल.

आता ओळखायचं कसं. इथे बहुतेक जण एकेका शब्दावर जातात आणि तिथेच फसगत होते. बिलाचंच बघा, जवळजवळ प्रत्येक बिलावर "पर्चेस ऑर्डर नंबर" छापलेला असतो, कारण कुठल्या ऑर्डरचं बिल ते सांगावंच लागतं, मग "पर्चेस ऑर्डर" शब्द दिसला की ऑर्डरच्या फोल्डरमध्ये टाक असा रूल केला की निम्मी बिलं तिकडे जाणार. म्हणून शब्द कुठे आहे ते बघा. पहिल्या पानाच्या वरच्या भागात मथळ्यासारखा "इन्व्हॉइस" असेल तर जास्त गुण, खाली तक्त्यात कुठेतरी असेल तर कमी. त्याच्या जोडीला बँकेचा तपशील आणि पैसे भरायची शेवटची तारीख असेल तर बिल, माल कुठे पोचवायचा आणि कधीपर्यंत असं असेल तर ऑर्डर. असे गुण जोडत जायचे आणि ठरवलेल्या आकड्याच्या वर गेलं तरच फोल्डर द्यायचा.

न गेलं तर? त्याच्यासाठी "बघायचे राहिलेले" असा एक फोल्डर हवाच हवा, याबाबत मी अजिबात तडजोड करणार नाही. पासवर्ड लावलेल्या फाइल, न उघडणाऱ्या झिप, दोन प्रकारांना सारखेच गुण मिळालेले कागद, सगळं तिथे, आणि तो फोल्डर रोज कोणीतरी माणसाने बघायचा. चुकीच्या फोल्डरमध्ये गेलेलं बिल महिनाभर कोणाला दिसत नाही, आणि तोवर पलीकडचा माणूस पैशाची वाट बघत बसलेला असतो.

एकाच मेलमध्ये बिल आणि ऑर्डर दोन्ही येतात, म्हणून फोल्डरपेक्षा लेबल किंवा कॅटेगरी बरी, एका मेलला दोन लावता येतात. आयमॅपने वाचत असाल तर मेल "पीक" करून, म्हणजे वाचल्याची खूण न लावता घ्या, नाहीतर स्क्रिप्टने वाचलेला मेल "वाचलेला" म्हणून दिसतो आणि माणसं तो उघडतच नाहीत. मेसेज आयडी, म्हणजे प्रत्येक मेलचा स्वतःचा ओळख क्रमांक, साठवून ठेवा म्हणजे तोच मेल परत परत प्रोसेस होणार नाही. अटॅचमेंटमधले मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आतले छोटे प्रोग्रॅम, कधीच चालवू नका, फाइल फक्त वाचायची.

एआय मॉडेलला विचारायचं असेल तर गुणांनी न सुटलेल्या मेलपुरतंच विचारा, उत्तरही ठरलेल्या चार-पाच नावांतूनच घ्या, आणि बायोडाटा किंवा बँकेचे तपशील बाहेरच्या सर्व्हिसला पाठवायच्या आधी ऑफिसची लेखी परवानगी घ्या, त्या कागदांवर दुसऱ्या लोकांची खासगी माहिती असते. सुरुवातीचे काही आठवडे मेल कुठेही हलवू नका, नुसती लेबलं लावा आणि रोज संध्याकाळी चुकलेली बघून गुण दुरुस्त करत राहा, चुका थांबल्या की मग हलवायचं चालू करा.