फर्मानाने पंथ बदलतो का? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : 1500 सालापर्यंत इराणात बहुसंख्य लोक सुन्नी होते, असं वाचलं. मग एका राजाच्या हुकुमाने अख्खा देश शिया कसा झाला?

उत्तर : हुकुमाने झाला नाही. हुकूम सुटला 1501 मध्ये, तबरीझला. तो काढणारा, सफवी घराण्याचा पहिला राजा शाह इस्माईल तेव्हा जेमतेम 14 वर्षांचा होता. त्याची खरी ताकद म्हणजे किझिलबाश, शियांच्या बारा इमामांच्या (अली आणि त्यांच्या वंशातले धर्मनेते) नावाने बारा घड्यांची लाल टोपी घालणारे तुर्कमान लढवय्ये. त्यांच्या लेखी इस्माईल पीर होता, काहींच्या लेखी तर साक्षात ईश्वरी अंश. शिया धर्मशास्त्राशी त्यांचं फारसं देणंघेणं नव्हतं. पंथ जाहीर झाला, पण शिकवायला माणसंच नव्हती.

म्हणून सुरुवात कानावर पडणाऱ्या गोष्टींपासून झाली. शुक्रवारच्या खुत्ब्यात (नमाजाच्या वेळच्या प्रवचनात) बारा इमामांची नावं आली, अजानमध्ये अलींच्या नावाची साक्ष आली. तबर्राई म्हणवणारी मंडळी अलींच्या आधीच्या, सुन्नींना मान्य असलेल्या पहिल्या तीन खलिफांना शिव्याशाप देत रस्त्यांतून फिरत. ऐकणाऱ्याने ‘बेश बाद, कम मबाद’, म्हणजे ‘वाढो, घटू नये’, असं उत्तर द्यायचं. गप्प राहणं जिवावर बेतू शकत असे. अशा धाकाने तोंडं बंद होतात. निकाह, वारसा, नमाज नव्या शास्त्राप्रमाणे होऊ लागत नाहीत. त्याला काझी लागतात, नमाज पढवणारे लागतात, मदरसे लागतात.

ही माणसं बऱ्याच अंशी आली आजच्या लेबनॉनमधल्या जबल आमिल भागातून. त्यांत सर्वांत वजनदार अली अल-कराकी (मृत्यू 1534). इस्माईलचा मुलगा शाह तहमास्प याने त्याला इमामांचा नायब, म्हणजे प्रतिनिधी, म्हणून अधिकार दिले. त्याने गावोगाव नमाज पढवणारे नेमले, आणि इराणातल्या मशिदींचा किब्ला, म्हणजे मक्केकडे तोंड करायची दिशा, चुकला आहे असं सांगून दिशा बदलायला लावली. इथे ठिणगी पडली. किब्ला काढणं हे गणिताचं आणि खगोलशास्त्राचं काम. सद्र, म्हणजे धार्मिक कारभाराचे प्रमुख, या पदावरचे शिराझचे विद्वान गियासुद्दीन मन्सूर यांनी कडाडून विरोध केला. शाहने कराकीची बाजू घेतली आणि सद्रांना पद सोडावं लागलं. स्थानिक घराण्यांच्या डोळ्यांत हे परके अरब विद्वान खुपत होते खरे, पण त्यांचं उपरेपण दरबाराच्या पथ्यावरच पडलं. दरबाराशिवाय त्यांना दुसरा आधार कुठे होता?

उलटा प्रयोगही झाला. इस्माईल दुसरा 1576 मध्ये गादीवर आला आणि त्याने तबर्राईंना आवर घालायला घेतलं. सव्वा वर्षात तो मेला, त्याचं धोरणही त्याच्याबरोबर गेलं.

माझ्या मते शेवटचं मोठं काम भाषेचं होतं. धर्मशास्त्र अरबीत, लोक बोलणार फारसी. इस्फहानचे शेख-उल-इस्लाम (प्रमुख धर्माधिकारी) मुहम्मद बाकिर मजलिसी (मृत्यू 1699) यांनी सोप्या फारसीत भरपूर लिहिलं, तेव्हा ते सामान्य वाचकापर्यंत पोचलं. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं लागली. पुढे 1736 मध्ये नादिरशाहने शिया पंथाला ‘जाफरी’ नावाने सुन्नींचा पाचवा मजहब (धर्मशास्त्राची शाखा) ठरवायचा घाट घातला, तो फसला.

प्रश्न : ऑटोमन साम्राज्य तर आधीपासून सुन्नी. त्यांना काय फरक पडला?

उत्तर : पडला. 1511 मध्ये अनातोलियात (आजच्या तुर्कस्तानात) शाहकुलूचं बंड झालं, आणि किझिलबाशांचे पाठीराखे आपल्याच मुलखात किती आहेत हे इस्तंबूलला कळलं. 1514 मध्ये चाल्दिरानला सुलतान सलीमने इस्माईलला हरवलं. पण घरातली शंका तोफांनी मिटत नाही. मग गावोगाव मशीद असावी, जमातीने नमाज व्हावी, असे हुकूम निघाले. 1555 च्या अमास्या तहात खलिफांना शिव्याशाप देणं थांबवण्याची बोली इराणकडून घेतली गेली.

प्रश्न : जुन्या नाण्यावरून राजाचा पंथ ओळखता येतो का?

उत्तर : बराचसा, पण घाई नको. आधी कलमा, म्हणजे इस्लामवरच्या श्रद्धेचं वचन, शोधा. त्यापुढे ‘अली वली अल्लाह’ असेल तर नाणं शिया राजवटीचं. सफवी नाण्यांवर अनेकदा कडेने बारा इमामांची नावंही असतात. कलम्याभोवती अबू बक्र, उमर, उस्मान आणि अली अशी चारही नावं असतील तर सुन्नी. शाहजहानच्या रुपयांवर ती दिसतात.

नवखे फसतात ते औरंगजेबाच्या नाण्यांवर. तिथे कलमाच नाही, फारसी दोन ओळी आहेत. म्हणून तो धर्माबाबत ढिला होता का? अगदी उलट. पवित्र शब्द कुणाच्याही हाताला लागून विटाळू नयेत म्हणून त्याने कलमा काढायला लावला. अकबराच्या ‘अल्लाहु अकबर’ छापाच्या नाण्यांवरून त्याने इस्लाम सोडला असं म्हणणारे तशीच उडी मारतात.

प्रश्न : दख्खनमध्ये इराणातल्या या बदलाचे पडसाद उमटले का?

उत्तर : चांगलेच. इराणातून आलेल्या शाह ताहिरच्या प्रभावाने बुऱ्हाण निजामशाहने 1537 मध्ये अहमदनगरला शिया पंथ जाहीर केला. विजापूरची गादी तर पिढीगणिक इकडून तिकडे हलली : युसूफ आदिलशाह शिया, पहिला इब्राहिम सुन्नी, पहिला अली पुन्हा शिया, दुसरा इब्राहिम पुन्हा सुन्नी. गोवळकोंड्याच्या खुत्ब्यात इराणच्या शाहचं नाव घेतलं जाई. शाहजहानला ते सहन होणं शक्यच नव्हतं, कारण खुत्ब्यात ज्याचं नाव तो वरचा धनी. 1636 मध्ये त्याने अब्दुल्ला कुतुबशाहला ते काढायला आणि चार खलिफांची नावं घ्यायला लावली. हैदराबादच्या बादशाही आशुरखान्यातला (मुहर्रमच्या शोकविधींच्या वास्तूतला) मुहर्रम मात्र चालू राहिला.