वाफ्याच्या कडेच्या विटा दर पावसाळ्यात कलंडतात, हरळीही आत शिरते. टिकाऊ कड कशी लावावी?

जमीन काळी आहे आणि विटा चार बोटंच खोचल्यात असं तुम्ही लिहिलंय, गोम तिथेच आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरवर खोचलेली वीट तिच्याबरोबर हलणारच. सिमेंटने सांधलीत तर अख्खी कड तडकते, म्हणून मी सिमेंट सुचवणार नाही.

वीट उभी पुरा: १९ सेंमी लांबीपैकी १२-१३ सेंमी जमिनीत. रुंदी ९ सेंमी धरली तर मीटरला ११ विटा लागतात, तुटीसाठी चार-पाच जास्त आणा. दोन विटा एकमेकींवर आपटून बघा. खणखणीत वाजल्या तर घ्या. बद्द आवाजाची कच्ची वीट ओलीत राहून दोन-तीन वर्षांत भुगा होते.

दोरी ताणून (वळण हवं तर पाण्याचा पाइप जमिनीवर टाकून कडेने फक्की मारा) वीतभर रुंद, २२ सेंमी खोल चर खणा. तळाशी मुरूम टाका, पाणी मारून धुम्मसाने (माती ठोकायच्या जड ठोकण्याने) ठोका. ठोकल्यावर १० सेंमी थर उरला पाहिजे. विटा खेटून उभ्या करा, माथे दोरीला लावा आणि दोन्ही अंगांना खणलेली माती न भरता मुरूमच ठासा. खणलेली मातीच परत लोटायचा आळस बहुतेक जण करतात.

हरळीचं दुखणं वेगळं. ती वरून धावते तशी जमिनीखालूनही कांड्या सोडते, विटांच्या फटी तिला पुरेशा असतात. विटा लावतानाच गवताच्या अंगाला जाड प्लॅस्टिकची २० सेंमी पट्टी चरात उभी सोडा. वरून येणाऱ्या धाटांना मात्र उपाय एकच, पंधरवड्याला कडेने खुरपं. छाटलेल्या कांड्या वेचून उन्हात पूर्ण वाळवा, ओल्या खतखड्ड्यात टाकल्या तर प्रत्येक पेर फुटतं.

वाफ्यातली माती विटांच्या माथ्यापेक्षा ३ सेंमी खाली ठेवा, नाहीतर पावसात ती फरशीवर येईल. उताराच्या टोकाला एक वीट जमिनीच्या पातळीला बसवून मागे खडी टाका, म्हणजे साचलेलं पाणी निघून जाईल.

आणि हे काम मे महिन्यात काढू नका. तेव्हा माती आकसलेली असते, पहिल्याच पावसात फुगून कड उचलते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाफसा आला (माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली) की चर खणायलाही सोपा जातो.