रक्तातल्या बायोमार्करवरून (इजेची खूण देणाऱ्या प्रथिनांवरून) डोक्याला मार लागल्याचं पोस्टमॉर्टेममध्ये (पीएम) सिद्ध होतं का?

तुमचे काका गाडीवरून पडले आणि दोन दिवसांनी दवाखान्यात वारले. कवटी शाबूत, पीएममध्ये मोठा रक्तस्राव नाही, रिपोर्टवर ‘मत राखून ठेवले’ असा शेरा, म्हणजे मृत्यूचं कारण अजून ठरलेलं नाही. आता रक्ताच्या तपासणीवरून मेंदूचा मार सिद्ध होईल का, असं तुम्ही विचारलंय.

नुसत्या रक्तावरून नाही. मी नागपुरात न्यायवैद्यक विभागात काम करतो आणि हा प्रश्न नातेवाइकांकडून नेहमी ऐकतो.

जीएफएपी आणि यूसीएच-एल१ या मेंदूतल्या प्रथिनांच्या रक्तचाचणीला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये मान्यता दिली. ती जिवंत रुग्णासाठी, सीटी स्कॅनची गरज आहे का हे ठरवायला. मृत्यूनंतर पेशी फुटू लागतात, मेंदूतली प्रथिनं आपोआप रक्तात झिरपतात. एनएसई हे असंच आणखी एक प्रथिन तर रक्तातल्या तांबड्या पेशींतही असतं, त्यामुळे त्या पेशी फुटल्या की आकडा फुगतो. शेवटच्या घटकेला प्राणवायू कमी पडला तरी हे मार्कर वाढतात. आपल्याकडच्या मे महिन्यात मृतदेह शीतपेटीत जायला उशीर झाला असेल, तर त्या आकड्यावर मी तरी कोर्टात साक्ष देणार नाही.

खरा भरवसा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या मेंदूच्या स्लाइडवर. बीटा-एपीपी नावाचं प्रथिन चेतातंतूंतून सतत वाहत असतं. डोक्याला जोराचा झटका बसून तंतू पिळवटला की ते तिथेच साचतं आणि खास रंग दिल्यावर तपकिरी गाठींसारखं दिसतं. माणूस मार लागल्यावर दोन-तीन तास जगला असेल तर हे बऱ्यापैकी सापडतं. जागीच गेलेल्यात सहसा नाही. काका दोन दिवस होते, म्हणजे वेळ पुरेसा होता. मात्र रक्तपुरवठा तुटल्यानेही हे प्रथिन साचतं. त्यात गाठी नागमोडी पट्ट्यांत दिसतात, माराने झालेल्या इजेत त्या विखुरलेल्या असतात. म्हणून दोन्ही गोलार्धांना जोडणारा पट्टा आणि मेंदूचा देठ अशा अनेक जागांचे तुकडे लागतात.

इथे एक घोळ फार होतो. ‘व्हिसेरा (शरीरातल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवलाय’ म्हटलं की घरच्यांना वाटतं मेंदूही तपासला जाईल. विषाच्या तपासणीसाठीचा व्हिसेरा सहसा मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवतात. तो सूक्ष्मदर्शकाच्या कामाचा नसतो. त्यासाठी मेंदू फॉर्मेलिन या टिकवण्याच्या द्रावणात हवा, आणि अख्खा मेंदू घट्ट व्हायला दोन-तीन आठवडे जातात.

तेव्हा तपास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या: मेंदूचे तुकडे फॉर्मेलिनमध्ये ठेवलेत का, ते हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) गेलेत का आणि बीटा-एपीपीची तपासणी होईल का. दवाखान्यातून सीटीच्या प्लेटा आणि केसपेपरच्या प्रती घ्या. काका जिवंत असताना घेतलेलं रक्त लॅबमध्ये उरलं असेल, तर मृत्यूनंतरच्या रक्तापेक्षा त्याचं मोल कितीतरी जास्त आहे. लॅब असे नमुने थोडेच दिवस ठेवतात, त्यामुळे ते जपून ठेवण्याची विनंती आजच पोलिसांमार्फत करा.