नायजेरियन बायका डोक्याला बांधतात ते ‘गेले’ शिकायचं आहे. कोणत्या कापडाने सुरुवात करू?

कडक, हाताळताना कागदासारखं चुरचुरणारं कापड घ्या. मऊ ओढणीवर शिकायला बसू नका. नायजेरियातल्या योरुबा समाजाच्या बायकांच्या ‘गेले’चा तो सुंदर पंखा निव्वळ कापडाच्या ताठपणावर उभा राहतो, म्हणून तिथे दमास्क (विणीतच नक्षी असलेलं कापड), ब्रोकेड किंवा ‘असो-ओके’ नावाचं हातमागावरचं कापड वापरतात. लांब कड बोटभर दुमडून कपाळावर घट्ट धरा, टोकं मागून फिरवून पुढे आणा आणि दर फेऱ्याला कपाळावर एकीवर एक चुण्या बसवत जा. खरं कसब या चुण्यांतच आहे. साडीच्या निऱ्यांची सवय असेल तर बोटं लवकर वळतात. शेवटी मागे गाठ, मग टाचण्या. फक्त असो-ओके जाड असतं, ते हात बसल्यावरच घ्या.