बॅक्टेरियाची सिक्रिशन सिस्टीम पेशीला मारते म्हणजे नक्की काय करते?

तुम्ही विचारलंय की बॅक्टेरियाला ना हात ना दात, मग सिक्रिशन सिस्टीम वापरून तो आपल्या पेशीला मारतो कसा, आणि टाइप वन, टू, थ्री हे सगळं पाठ करायलाच हवं का. परीक्षेपुरतं करा पाठ, पण समजून घ्यायचं असेल तर एकच जंतू नीट धरा. मी तरी टीबीचा धरेन, कारण त्याचा पुरावा, म्हणजे लहानपणी टोचलेल्या बीसीजी लशीचा व्रण, आपल्यातल्या बहुतेकांच्या दंडावर आहे. मायक्रोबायोलॉजी शिकलोय आणि लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी मूळ गोष्ट. जंतू प्रोटीन बनवतो स्वतःच्या आत आणि त्याचं काम असतं बाहेर, मधे त्याचंच आवरण, काहींना तर दोन-दोन. ते ओलांडून माल बाहेर काढायची यंत्रणा म्हणजे सिक्रिशन सिस्टीम. कॉलराचा जंतू टाइप टूने टॉक्सिन आतड्यात नुसतं सोडून देतो, पेशीत कसं शिरायचं ते टॉक्सिन आपलं आपण बघतं. साल्मोनेलाची टाइप थ्री म्हणजे खरोखर सुई आहे, 1998 मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ती अख्खी दिसली, तिच्यातून प्रोटीन थेट आपल्या पेशीत जातं आणि आतड्याची पेशी, जी एरवी असलं काही गिळत नाही, ती जंतूला स्वतःच आत ओढून घेते.

टीबीचा जंतू वापरतो टाइप सेव्हन. त्यातल्या पाच यंत्रणा त्याच्याकडे आहेत, आपल्या कामाची पहिली, ईएसएक्स-वन. होतं काय, की जंतू श्वासातून फुप्फुसात पोचला की तिथला मॅक्रोफेज, म्हणजे जंतू खाणारी आपली संरक्षक पेशी, त्याला गिळतो. गिळलेला जंतू एका पिशवीत बंद होतो आणि नेहमीचा नियम असा की या पिशवीला दुसरी, ॲसिड आणि एन्झाइम भरलेली पिशवी येऊन मिळते आणि खेळ खलास. टीबीवाला आधी ते मिळणंच लांबवतो आणि मग ईएसएक्स-वनच्या जोरावर पिशवीचं आवरण फाडतो. गिळलं खरं पण पचत नाही, अशी मॅक्रोफेजची गत होते. पुढे तो फुटून मरतो, आतले जंतू बाहेर सांडतात, साफसफाईला आलेले नवे मॅक्रोफेज तेच गिळतात, की परत पहिल्यापासून. टीबीवर संशोधन करणाऱ्या ललिता रामकृष्णन यांच्या ग्रुपने हे झेब्राफिश या छोट्या माशाच्या पिल्लांमध्ये जिवंतपणी बघितलंय, पिल्लं पारदर्शक असतात ना, त्यात टीबीचा भाऊबंद जंतू सोडला. यंत्रणा शाबूत असलेल्या जंतूभोवती नवे मॅक्रोफेज भराभर गोळा व्हायचे, ती काढून टाकलेल्या जंतूभोवती तेवढे नाही. म्हणजे मारणं हा नुसता शेवट नाही, पसरायची सोय आहे ती.

एक गोष्ट मात्र जुन्या नोट्समध्ये सापडेल की ईएसएक्स-वनमधून बाहेर पडणारं ईसॅट-6 नावाचं प्रोटीन एकटंच आवरणाला भोकं पाडतं. ते तेवढं सरळ नाही. 2017 मध्ये दाखवलं गेलं की प्रोटीन शुद्ध करताना वापरलेलं डिटर्जंट त्यात उरत होतं आणि पेशी फोडायचं श्रेय प्रोटीनला मिळत होतं. जंतू प्रत्यक्ष आवरणाला चिकटला आणि ईएसएक्स-वन चालू असली तरच फाटाफाट होते. मला हा किस्सा फार आवडतो, लॅबमध्ये काम केलेल्याला लगेच पटतो.

आता दंडावरचा पुरावा. काल्मेत आणि गेरां या दोन शास्त्रज्ञांनी फ्रान्समध्ये 1908 पासून 1921 पर्यंत गुरांच्या टीबीचा जंतू पित्त आणि ग्लिसरीन लावलेल्या बटाट्याच्या कापांवर वाढवला, दर तीन आठवड्यांनी नव्या कापावर, असं 230 वेळा. जंतू मवाळ झाला आणि त्याचीच बीसीजी लस झाली. का मवाळ झाला हे तेव्हा कोणाला कळायचा प्रश्नच नव्हता, जीन म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. 1996 मध्ये कळलं की बीसीजीतून डीएनएचा एक तुकडा गळालाय, आणि पुढे लक्षात आलं की ईएसएक्स-वनचा महत्त्वाचा भाग त्यातच होता. उलटतपासणीही झाली, खऱ्या टीबीच्या जंतूतून तेवढाच तुकडा काढला तर तो ढिला पडला, आणि बीसीजीत परत घातला तर ती थोडी आक्रमक झाली, पण पूर्ण टीबीइतकी नाही, म्हणजे बाकी बदलही आहेतच.

याचा रोजच्या कामातला फायदा बघा. टीबीची जुनी मँटू टेस्ट बीसीजी घेतलेल्या माणसातही पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण तिच्यातली बरीच प्रोटीनं दोन्ही जंतूंत सारखी. ईसॅट-6 आणि त्याचा जोडीदार सीएफपी-10 यांचे जीन त्याच गळालेल्या तुकड्यात होते, त्यामुळे ही दोन्ही प्रोटीनं बीसीजीत नाहीतच, म्हणून रक्तावरची इग्रा टेस्ट याच दोघांवर चालते आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची साय-टीबीसुद्धा. साय-टीबी मँटूसारखीच हातावर टोचतात, दोन-तीन दिवसांनी गाठ पट्टीने मोजतात. नुसती लाली मोजायची नसते, बोटाला कडक लागतं तेवढंच, पाच मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह. पण जंतू लपून बसलाय की आजार चालू आहे हे यातून कळत नाही, त्यासाठी थुंकी आणि एक्स-रे करावाच लागतो.